आधी चित्र की आधी सूर?

गाण्यांवर भांडायला आपल्याकडे कुणीही, केव्हाही तयार असतं. पंचम की मदनमोहन, इलैयाराजा की रेहमान... विषय निघायचा अवकाश, चहाच्या दोन फेऱ्या सहज होतात. पण गाणी वगळून उरलेल्या दीड-दोन तासांत पडद्यामागे जे वाजत असतं, त्यावर भांडणारे फार कमी. मी त्यातला एक. आणि माझ्या सुदैवाने (बायकोच्या मते तिच्या दुर्दैवाने) आमच्या टीममध्ये असाच आणखी एक नग सापडला. तो कट्टर जॉन विल्यम्सवाला. हान्स झिमर हा संगीतकार आहे हेच त्याला मान्य नाही. "थिएटरबाहेर पडल्यावर गुणगुणता येत नाही ते कसलं रे संगीत?" हा त्याचा ठेवणीतला बाउन्सर.

प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. 'जॉज'चे ते दोन सूर, 'स्टार वॉर्स'ची सुरुवात, 'हॅरी पॉटर'ची किणकिणती धून, हे कुणीही गुणगुणून दाखवेल. आता 'डंकर्क' गुणगुणून दाखवा. नाही ना जमत? मग झिमर कमी प्रतीचा का? मला तसं वाटत नाही. पण 'मला आवडतो बुवा' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि दर शुक्रवारी कँटीनमध्ये हरायचा कंटाळा आला. म्हणून जरा मुळापासून विचार केला. बघा पटतंय का.

माझं म्हणणं असं, की चाल आहे की नाही हे बाजूला ठेवा. हा माणूस सिनेमात शिरला केव्हा ते बघा. बाकीचं बरंचसं त्यातून येतं.

नेहमीचा रिवाज काय? आधी शूटिंग होतं, मग एडिटिंग. सिनेमा कापून-जोडून पक्का झाला की दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून बघतात आणि संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार ते ठरवतात. त्यानंतर संगीतकाराच्या हातात राहतात थोडे आठवडे. रिलीजची तारीख ठरलेली, आधीच्या सगळ्यांनी आपापला वेळ खाल्लेला, आणि शेवटच्या माणसाने सगळं जमवायचं. (टेस्टिंगवाल्या मंडळींना हे वाचून गहिवरून येईल.) त्यात आणखी एक भानगड म्हणजे 'टेम्प ट्रॅक'. एडिटिंग करताना पोकळी नको म्हणून दुसरीकडचं तयार संगीत तात्पुरतं लावून ठेवतात. ते ऐकून ऐकून दिग्दर्शकाला तेच आवडायला लागतं. कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) ॲलेक्स नॉर्थ या मातब्बर संगीतकाराने नवं संगीत लिहिलं, पण कुब्रिकने ते बाजूला ठेवून तात्पुरते लावलेले अभिजात तुकडेच कायम केले.

विल्यम्स हा या शेवटी येणाऱ्यांचा राजा. त्याच्यासमोर तयार चित्र असतं आणि तो त्या चित्राला नावं देतो. 'जॉज'च्या (१९७५) वेळी तो यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, त्यामुळे स्पीलबर्गला शार्क फार दाखवताच येत नव्हता. ती कसर विल्यम्सच्या दोन सुरांनी भरून काढली. सूर वाजले की शार्क आला. आणि गंमत बघा, दोन पोरं खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात त्या प्रसंगात ते सूर वाजतच नाहीत! संगीत प्रेक्षकाशी खोटं बोलत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ही थीम म्हणजे पॉइंटर. दोन सूर वाजवा, त्या पत्त्यावरची अख्खी मेमरी समोर हजर. १९८० मध्ये त्याने डार्थ व्हेडरला मार्च दिला, आज तो मार्च नुसता शिट्टीवर वाजवला तरी ऑफिसात मागून बॉस येतोय हे सगळ्यांना कळतं :)

आता झिमर. हा सिंथेसायझरवाल्या पॉप बँडांच्या दुनियेतून आला आणि त्याची मजा अशी, की नोलनबरोबर काम करताना तो कित्येकदा चित्राच्या आधीच सुरू झालेला असतो. 'इंटरस्टेलर'चा (२०१४) किस्सा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. नोलनने त्याला एक पान लिहून दिलं. त्यात अंतराळ नाही, कृष्णविवर नाही, फक्त एक बाप आणि त्याचं मूल. एका दिवसात यावर काय सुचतं ते वाजवून दाखव, म्हणाला. झिमरने चारेक मिनिटांचा तुकडा केला. सिनेमा कशावर आहे हे त्याला नंतर कळलं. पुढे त्याचं सगळं संगीत त्या तुकड्यातून वाढलं, आणि लंडनच्या टेंपल चर्चमधल्या प्रचंड पाइप ऑर्गनवर ध्वनिमुद्रित झालं.

'डंकर्क'मध्ये (२०१७) तर तो ध्वनीशी निव्वळ इंजिनिअरसारखा खेळतो. शेपर्ड टोन नावाचा एक भास आहे. एकच सूर अनेक सप्तकांत एकदम वाजवायचा आणि सगळे थर हळूहळू वर सरकवायचे. वरचा थर विरत जातो, खालून नवा थर अलगद येतो. कानाला वाटतं सूर चढतोच आहे, चढतोच आहे... प्रत्यक्षात तो कुठेच पोचत नाही. जिना आहे, मजला नाही. वर नोलनच्या स्वतःच्या घड्याळाची टिकटिक. दीड-पावणेदोन तास पोटात गोळा. आता हे गुणगुणायचं कसं? रक्तदाब गुणगुणता येतो का?

इथवर माझा मित्र फार तर म्हणेल की ठीक आहे, एक चाल लिहितो, दुसरा ताण लिहितो, ज्याची त्याची आवड. मलाही तसंच वाटायचं. पण एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली आणि फरक नीट कळला.

नोकरी लागल्यापासून माझी सवय आहे, कोड लिहिताना हेडफोनवर सिनेमाचं संगीत. विल्यम्स लावून काम होत नाही. मध्येच चाल येते, आपण तिच्यामागे जातो, सेमीकोलन राहतो. झिमर लावला की काम सुसाट. दोन-तीन वर्षं 'इंटरस्टेलर' रोज ऐकला असेन. रात्रीच्या रिलीजला तर हमखास. मग एका रविवारी घरी तो सिनेमा पुन्हा लावला. गरगर फिरणाऱ्या यानाला कूपर आपलं यान जोडायला जातो, ऑर्गन चढायला लागतो, शेजारी बायको श्वास रोखून बघतेय... आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा डिप्लॉयमेंटचा काळा स्क्रीन! पहिल्यांदा बघताना ज्या प्रसंगाला खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तिथे मी लॉगच्या ओळी मोजत होतो. ते यान, तो बाप, त्याची मागे राहिलेली पोर, सगळं तिथेच होतं. पण पॉइंटर आता दुसऱ्याच पत्त्यावर दाखवत होता.

असं 'ईटी'चं कधीच झालं नाही, आणि मला वाटतं होणारही नाही. विल्यम्सची चाल आपला सिनेमा खिशात घालून फिरते. कुठेही वाजवा, सायकल उडालीच पाहिजे. झिमरचं संगीत पाण्यासारखं आहे, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतं. ते चित्र न बघता जन्मलं, म्हणून ते कुठल्याही चित्राचं होऊ शकतं. नोलनच्या सिनेमाचं झालं, तसंच माझ्या रिलीजचंही. जगभरची पोरं परीक्षेला, जिमला, ट्रॅफिकमध्ये झिमर का लावतात याचं उत्तर मला इथे सापडलं. आणि त्याची किंमतही.

मग चित्राआधी लिहिलेलं संगीत चित्राला घट्ट चिकटतच नाही का? चिकटतं. त्यासाठी तिसरा माणूस बघायला हवा, एन्नियो मोरिकोने. सर्जियो लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) मुख्य संगीतरचना शूटिंगच्या आधी झाली होती आणि लिओने ती सेटवर वाजवायचा. नट त्या लयीत चालायचे. जिल स्टेशनवर उतरते, घ्यायला कुणीच आलेलं नाही, ती स्टेशनमास्तरच्या खोलीत जाते. कॅमेरा बाहेरून वर चढत छपरावरून पलीकडे जातो, गाव उलगडतं, आणि नेमकी त्याच क्षणी एड्डा देल्लोर्सोच्या शब्दांविना गायलेल्या आवाजासोबत सगळा वाद्यवृंद उसळतो. चित्र सुरावर बेतलंय. ते पुन्हा सोडवता येत नाही. आणि याच सिनेमाची सुरुवात? तिघे गुंड गाडीची वाट बघत बसलेत. पवनचक्कीची करकर, टोपीवर टपटपणारं पाणी, एक माशी. दहाएक मिनिटं वाद्यांचं संगीत जवळजवळ नाहीच. ज्याच्याकडे एवढे सूर तयार होते त्याने सुरुवातीला ते वाजवू दिले नाहीत!

आता आपल्याकडे या. हिंदी सिनेमात गंमत अशी, की गाण्यांच्या बाबतीत आपण सगळेच लिओने. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, मग त्यावर चित्रण. म्हणूनच ती गाणी चित्रांना इतकी घट्ट चिकटतात आणि आपण त्यांच्यावर भांडतो. पार्श्वसंगीत मात्र सगळ्यात शेवटी, उरलेल्या वेळात. एकाच सिनेमात दोन टोकं. तरीही कसली कसली कामं झाली आहेत! एकही गाणं नसलेला 'कानून' (१९६०) सलील चौधरींनी पेलला. 'शोले'त (१९७५) राधा एकेक दिवा मालवत जाते आणि जय पायरीवर माऊथ ऑर्गन वाजवतो. पंचमसाठी तो वाजवला भानू गुप्तांनी. मला ही लिओनेचीच शाळा वाटते, कारण वाद्य पडद्यामागे नाही, पात्राच्याच हातात आहे. 'सत्या'ची (१९९८) गाणी विशाल भारद्वाजची हे सगळ्यांना पाठ, पण अंगावर काटा आणणारं पार्श्वसंगीत संदीप चौटाचं हे किती जणांना आठवतं? राष्ट्रीय पुरस्कारांतसुद्धा गाणी आणि पार्श्वसंगीत असे दोन वेगळे पुरस्कार नियमितपणे द्यायला लागले ते २००९ च्या सिनेमांपासून. त्या वर्षी पार्श्वसंगीताचा मिळाला इलैयाराजाला, 'पळश्शी राजा'साठी.

इलैयाराजाचं नाव निघालंच आहे तर 'हे राम' (२०००) सांगायलाच हवा. आधीच्या संगीतकाराच्या चालींवर गाणी चित्रित होऊन बसली होती आणि तो बाहेर पडला. इलैयाराजाने आधीच हललेल्या ओठांवर बसतील अशा नव्या चाली केल्या, आणि बुडापेस्टच्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलं. शेवटी येऊन, हातपाय बांधलेले असताना, आधीपासूनच तिथे असल्यासारखं काम. दुसऱ्याचा कोड घेऊन कधी काम केलं असेल तर हे किती अवघड आहे ते कळेल.

आणि मराठीत नागराज मंजुळेचे दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा. 'फँड्री'ला (२०१३) अलोकनंदा दासगुप्ताचं अगदी जपून, मोजकं पार्श्वसंगीत. 'सैराट'ला (२०१६) अजय-अतुल, लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला भव्य वाद्यवृंद. पण त्या 'सैराट'चा शेवट आठवा. ते लहानगं घरात येतं, बघतं, रडत बाहेर जातं... आणि आवाज नाही. रडण्याचासुद्धा नाही. एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असताना तिथे काहीही न वाजवणं. त्या वेळी थिएटरात अडीच तास शिट्ट्या मारणारी पोरं पुतळ्यासारखी बसली होती. व्हायोलिनं घातली असती तर निदान रडून मोकळं होता आलं असतं.

तर माझा क्रम: मोरिकोने, विल्यम्स, झिमर. इलैयाराजाला मी या रांगेत उभाच करत नाही, त्याची रांग वेगळी. मित्राला हे ऐकवलं तर म्हणाला, "म्हणजे शेवटी विल्यम्स झिमरच्या वरच ना?" हो बाबा, वर. पण गुणगुणता येतो म्हणून नव्हे, सिनेमा सोडत नाही म्हणून.

झिमर मी अजूनही ऐकतो, फक्त कामाला वेगळा आणि सिनेमाचा वेगळा. जे सिनेमे आवडले त्यांचं संगीत आता ऑफिसच्या प्लेलिस्टमध्ये टाकत नाही. 'ड्यून' अजून शाबूत आहे. 'इंटरस्टेलर' गेला तो गेला.

वेळ असेल तर या रविवारी एक करा. 'ईटी'चा (१९८२) शेवटचा पाठलाग आणि निरोप बघा, पंधराएक मिनिटं. हे ध्वनिमुद्रित करताना विल्यम्सला चित्राशी वेळ काही केल्या जुळवता येईना. स्पीलबर्ग म्हणाला, पडदा बंद करून टाक, मैफलीत वाजवतोस तसं मोकळेपणाने वाजव. मग त्याने त्या संगीताप्रमाणे सिनेमा पुन्हा कापला. शेवटी येणाऱ्यांच्या राजासाठी एकदा चित्र थांबलं होतं. हे डोक्यात ठेवून ती पंधरा मिनिटं बघा. रुमाल जवळ असू द्या.