पिनांगमधले चार तास

सिंगापूरहून निघालेली आमची बोट सकाळी मलेशियातल्या पिनांग बेटाला लागली. बोटीवरच्या सहलीचा दर ऐकून आम्ही जॉर्जटाऊन पायीच पाहायचे ठरवले. धक्क्याजवळच व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचा ६० फुटी घड्याळमनोरा आहे. दर वर्षाला एक फूट! शेजारी कॉर्नवॉलिस किल्ला, पुढे ‘लिटल इंडिया’. तिथल्या १८३३ सालच्या महामारिअम्मन मंदिरात सासूबाई हात जोडून बसल्या, त्या उठेचनात. बोट कुणासाठी थांबत नाही! घामाघूम होऊन कसेबसे धक्का गाठला. सासूबाई मात्र निवांत. म्हणाल्या, “परमुलखात देवी भेटली, तिला नीट भेटायला नको?” तुम्ही उतराल तेव्हा परतायची वेळ आधी लिहून घ्या, आणि त्यातली थोडी देवीसाठी राखून ठेवा.