वरचा एक मिलिमीटर

भाच्याचा फोटो आला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर चहा घेत होतो. फोटोत सोल्डरच्या तारेचा बोटभर तुकडा, टोकाला चपटा झालेला, आणि त्या चपट्या टोकाला लावलेलं व्हर्नियर. आकडा 1.62. खाली मजकूर : "मामा, एवढा गॅप चालेल का? आणि एक्झॉस्ट किती वर नेऊ?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी चहा संपायच्या आत दिलं. दुसऱ्याला चार दिवस घेतले.

भाचा सॅन डिएगोत असतो. नोकरी संगणकाची, पण हात माझ्या दुकानात काळे झालेले. तिकडे त्याने जुनी यामाहा बॅन्शी विकत घेतली. बॅन्शी म्हणजे वाळूत पळवायची चारचाकी मोटारसायकल, तिकडे एटीव्ही म्हणतात. हिवाळ्यातल्या सुट्ट्यांना ही मंडळी ती ट्रेलरवर घालून ग्लॅमिसला जातात, कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या वाळूच्या टेकड्यांवर. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बत्तीस वर्षं टू-स्ट्रोक इंजिनं उघडतोय, पण बॅन्शी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तरी त्याने ब्लॉकची मापं पाठवली आणि मला हसू आलं. बोअर 64, स्ट्रोक 54, दोन सिलिंडर मिळून 347 सीसी. ही तर आपल्या राजदूत 350 ची मापं! एस्कॉर्ट्सने 1983 पासून इथे विकलेली ती यामाहाची आरडी 350, जिला लोक गमतीने आणि थोडं भीतीनेही यमदूत म्हणत. बॅन्शी 1987 साली आली. तिचं इंजिन पाण्यावर थंड होतं, आपलं हवेवर. पण घराणं एकच. सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी.

आता त्या तारेचं सांगतो, कारण पोरं नेमकी हीच पायरी गाळतात. पिस्टन अगदी वर आला की त्याची कड आणि हेड यांच्यात किती फट उरते, ते डोळ्यांनी दिसत नाही. मग प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार आत सारायची, पिस्टनच्या पिनच्या रेषेत, सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत. हाताने क्रँक एकदा फिरवायचा. तार चेपते. चेपलेली जाडी म्हणजे ती फट. दोन्ही बाजूंना मोजायचं, पण पिनच्या रेषेतच, कारण तिच्या आडव्या दिशेला पिस्टन थोडा कलतो. ही फट मोठी असेल तर कडेला अडकलेलं मिश्रण नीट जळत नाही आणि उशिरा भडकून ठोके देतं. 1.62 म्हणजे कंपनीने ठेवलेला ऐसपैसपणा. मी त्याला 1.1 वर यायला सांगितलं. हेडचा अर्धा मिलिमीटर लेथवर उतरवायचा आणि आतली वाटी त्या हिशेबाने पुन्हा कोरून घ्यायची, नाहीतर कॉम्प्रेशन भलतंच चढतं. पेट्रोलही वरच्या दर्जाचं घाल म्हटलं. (तिकडचा पंपावरचा 91 आणि आपला 91 एक नाही. मोजायची पद्धत निराळी आहे. तिकडचा 91 आपल्याकडच्या 95-96 च्या जवळ जातो.)

एक्झॉस्टचं काम मात्र तारेच्या तुकड्यावर भागत नाही.

टू-स्ट्रोकला हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टन त्या उघडतो, झाकतो. एक खिडकी धूर बाहेर सोडायची, ती एक्झॉस्ट. थोड्या खालच्या ट्रान्सफर, त्यांतून ताजं मिश्रण वर येतं. एक्झॉस्टची वरची कड कानशीने वर नेली की खिडकी लवकर उघडते, उशिरा मिटते, आणि इंजिनाला वरच्या आरपीएमवर श्वास घ्यायला वेळ मिळतो. किती वेळ मिळतो त्याचा हिशेब आहे. बॅन्शीच्या 54 स्ट्रोकला एक्झॉस्टच्या कडेजवळ एक मिलिमीटर म्हणजे क्रँकच्या फिरण्यात साधारण दोन अंश. उघडताना दोन, मिटताना दोन, एकूण चार. आपल्या आरएक्स 100 चा बोअर-स्ट्रोक 50 गुणिले 50. तिथे तोच मिलिमीटर साडेचार अंशांच्या आसपास जातो. तांदळाच्या दाण्याहून बारीक माप, पण त्याने गाडीचा स्वभाव पालटतो.

म्हणून मी आधी कागद मागतो. पोराच्या वहीचं पान सिलिंडरमध्ये गोल बसवायचं आणि ग्रीस लागलेलं बोट आतून फिरवायचं. खिडक्यांच्या कडा कागदावर उमटतात. पान उलगडलं की इंजिनाची कुंडली समोर. त्यावर रुंदी मोजायची, उंची मोजायची, दोन्ही बाजूंच्या ट्रान्सफर एका पातळीत आहेत का ते पाहायचं. कारखान्यातून आलेल्या ब्लॉकमध्येही त्या वरखाली सापडतात. निव्वळ त्या सारख्या केल्या, ब्लॉक आणि क्रँककेस यांच्या जोडावरची पायरी घासून सपाट केली, तरी गाडी खुलते आणि कुठे काही बिघडत नाही. माझ्या मते निम्म्या गिऱ्हाइकांनी इथेच थांबावं. थांबत कोणी नाही.

रुंदीला मर्यादा रिंगची. रिंग स्प्रिंगसारखी बाहेर ताणलेली असते. खिडकी फार रुंद केली की रिंग तिथे पोट काढते आणि कडेला अडकून तुटते. मी बोअरच्या 65 टक्क्यांपुढे जात नाही. 64 च्या बोअरला जवळजवळ साडेएकेचाळीस मिलिमीटर. आणि कड बारीक दगडाने मोडायची, नखाला बोचता कामा नये.

खिडकीइतकाच मोठा वाटा सायलेन्सरचा. पोटाशी फुगलेला आणि शेपटाकडे निमुळता होणारा तो पाइप दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या आत एक लाट धावते. एक्झॉस्ट उघडला की दाबाची लाट सेकंदाला पाचशे मीटरहून जास्त वेगाने निघते. फुगत्या भागात ती मागे ओढ निर्माण करते आणि ताजं मिश्रण वर खेचलं जातं. निमुळत्या भागावर आपटून ती परतते आणि बाहेर निसटलेलं मिश्रण खिडकी मिटायच्या आत परत कोंबते. ही वेळ जुळायला पाइपची लांबी जुळावी लागते. खिडकी 180 अंश उघडी राहत असेल आणि जोर 9000 आरपीएमला हवा असेल, तर पिस्टनपासून परतीच्या जागेपर्यंत साधारण 85 सेंटिमीटर. तोच जोर 8000 ला हवा असेल तर आणखी दहा सेंटिमीटर जास्त. त्यामुळे कोणी नुसता पाइप कापून आवाज मोठा करून आणला की मी सरळ विचारतो, जोर कुठे सांडून आलास?

हे शास्त्र हाताने घासून पुढे नेलं ते पूर्व जर्मनीतल्या चोपाऊच्या एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन यांनी. पैसा तुटपुंजा, सामान मिळेल ते. तरीही 1961 पर्यंत त्यांच्या 125 सीसीने 25 अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला दोनशे. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीहून परतलाच नाही. पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि 1962 मध्ये सुझुकीने 50 सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. पुढे जपानी टू-स्ट्रोकचं राज्य आलं. काडेन यांचं नाव मात्र आमच्या लायनीत रोज तसे पाइप ठोकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता माझी फजिती. 1993 साल, वय बावीस. स्वतःच्या आरएक्सचा एक्झॉस्ट दोन मिलिमीटर वर नेला, हेड उतरवलं, एअर फिल्टरचा डबा काढून टाकला. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट तसाच ठेवला, कारण जेटला पैसे पडत होते आणि कानस घरची होती. मातीच्या ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत गाडी अशी काही सुटली की मला वाटलं, जमलं! आवाज बारीक, धारदार झाला होता. पुढच्याच वळणाला मागचं चाक जागच्या जागी धरलं आणि मी हँडलवरून मातीत. मला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी ब्लॉक खोलला. एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे, ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं. त्यांनी पिस्टन माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "हवा भरपूर दिलीस. जेवण कोण घालणार?"

पेट्रोल कमी पडलं की मिश्रण गरम जळतं, आणि त्या पेट्रोलबरोबर येणारं तेलही कमी पडतं. शेवटच्या क्षणी गाडी सगळ्यात जास्त पळते, ही त्यातली फसवणूक. ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन घातला, पण कापलेली कड काही परत आली नाही. ती गाडी सहा हजारांच्या खाली मेल्यासारखी चाले. आंबा घाटात मागे कोणी बसलं की पहिल्या गिअरला रडायची.

म्हणून भाच्याला मी चार दिवस वाट पाहायला लावली. त्याला सपाटीवर सरळ पळणारी गाडी हवी होती. पण तो चढणार वाळूची टेकडी, चाकांना वल्ह्यासारखे पट्टे असलेले टायर. वाळू गाडीला सतत मागे ओढते. चढावर आरपीएम एकदा पाइप जिथे जोर देतो त्या पट्ट्याखाली घसरला की पुन्हा वर येत नाही, अर्ध्या टेकडीवरून माघारी. आणि नऊ हजारांवरून दहा हजारांवर गेलं की पिस्टनच्या हिसक्याचा ताण तेवीस टक्के वाढतो. या इंजिनाचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो. तो जोडावर फिरू नये म्हणून तिकडचे लोक पिना वेल्ड करून घेतात.

शेवटी ठरलं : एक्झॉस्ट फक्त 0.8 वर, ट्रान्सफरच्या कडा सारख्या, पाइप मधल्या पट्ट्याचा. इग्निशन चार अंश पुढे न्यायची टूम तिकडे फार चालते. मी नको म्हणालो, आधी एक गोष्ट पचू दे. आणि मेन जेट माझ्या अंदाजाहून दोन पायऱ्या मोठा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, ग्लॅमिस त्याच्या कितीतरी खाली. शिवाय वाळवंटातली हिवाळी पहाट. आपल्या तीस अंशांच्या दुपारपेक्षा पाच अंशांची हवा नऊ टक्के दाट असते. इथला जेट तिथे घातला तर माझ्या 1993 ची पुनरावृत्ती.

(हा सगळा उद्योग ट्रॅकसाठी आणि वाळूसाठी. रस्त्यावरच्या गाडीला असले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, आणि रात्री अकराला सायलेन्सर फोडत गल्लीतून जाणाऱ्यांचं काम मी घेत नाही.)

नोव्हेंबरात त्याचा व्हिडिओ आला. टेकडीवर गाडी न अडखळता चढलेली, वर पोरांचा गलका. पाठोपाठ दोन प्लगचे फोटो. डावा दुधाच्या चहाच्या रंगाचा, पाहून बरं वाटलं. उजवा मात्र पांढुरका. मी तिथल्या तिथे फोन लावला. "आता ती किक मारू नकोस. उजवीकडून कुठूनतरी हवा आत येतेय." एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरच्या तोंडाला बूच ठोकायला लावलं, सायकलच्या पंपाने सहा पौंड हवा भरायला सांगितली आणि साबणाचं पाणी फिरवायला लावलं. व्हिडिओ कॉलवर मी दिवाणखान्यात, तो वाळूत टॉर्च धरून. कार्बोरेटरच्या रबराला केसाएवढी चीर होती, तिथे बारीक बुडबुडे.

नवं रबर यायला आठवडा लागणार होता.

"मामा," तो म्हणाला, "ब्लॉक तसाही खोलायचाच झाला तर तोवर एक्झॉस्ट अजून अर्धा मिलिमीटर..."

"रबराला ब्लॉक खोलावा लागत नाही," म्हणालो आणि फोन ठेवला.