वरसाव्याचा पूल

उल्हास नदीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, घोडबंदरास लागून वरसावें नांवाचें गांव आहे. आज तें मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतें. अंधेरीकडील कोळ्यांचें वेसावें निराळें. परंतु दोन्ही नांवें इंग्रजींत जाऊन परत आलीं, तेव्हां दोहोंचेंही ‘वर्सोवा’ झालें. मेट्रोनें वर्सोव्यास उतरून कोणी वर्सोव्याचा पूल शोधूं लागला, तर त्यास कोळीवाडा सांपडेल, पूल सांपडणार नाहीं. आपल्या गांवाचें नांव परक्याच्या तोंडून ऐकण्याची संवय लागली म्हणजे असें व्हावयाचेंच.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथेंच खाडी ओलांडतो. जुन्या पुलांच्या जोडीस २०२३ सालीं नवा पूल आला. पूल कितीही नवा असो, प्रवासी मात्र जुनाच आहे. वाहन मध्यावर आलें कीं हात जोडले जातात, एक नाणें खालीं पडतें, आणि पुष्कळदां त्यामागोमाग निर्माल्याची गांठ मारलेली पिशवी. सुशिक्षित मंडळी यावर सांगतात कीं, तांब्याच्या नाण्यानें पाणी शुद्ध होतें. आजचा रुपया पोलादाचा आहे, आणि खाडीचें खारें पाणी कोणी पीत नाहीं. तांबें गेलें, गोडें पाणी नाहीं, तरी कारण शाबूत आहे! आचार आधीं जन्मतो व त्याचें शास्त्र मागाहून बारशास येतें, तें हें असें. गीतेंत भगवंतांनीं पान, फूल, फळ व पाणी एवढ्यावर संतोष मानिला आहे. पिशवीचा उल्लेख तेथें आढळत नाहीं.

याच तीरावरील घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला, आणि १७३९ च्या मे महिन्यांत पैलतीरींची वसई पडली. त्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं वज्रेश्वरीस नवस केला व विजयानंतर देवीचें तटबंदीचें दगडी देऊळ बांधून तो फेडला, अशी परंपरा आहे. वसईकडील पोर्तुगीज घंटा वाईजवळच्या मेणवलीस व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत आजही आहेत. एका धर्माच्या लोकांस प्रार्थनेस बोलाविणारी घंटा दुसऱ्या धर्माच्या देवापुढें तितक्याच गोड स्वरानें वाजते. धातूनें कधीं तक्रार केली नाहीं. भेद धरणारे आपणच.

नवस हा देवाशीं केलेला करार म्हटला, तर चिमाजींचा करार सरळ होता: मागणें मोठें, फेडही मोठी. आपलें मागणें सुखरूप पोहोंचण्याचें, म्हणजे जीवाचें; आणि मोबदल्यांत आपण जें देतों, तें घरांत नकोसें झालेलें असतें. वाण्यानें कोणास असा माल दिला असता तर आपण त्याचें तोंड पाहिलें नसतें.

परंतु खाडी ही नदीसारखी भोळी नव्हे. नदी दिलेलें घेऊन जाते. खाडीस भरती आहे. ओहोटीबरोबर गेलेली पिशवी सहा तासांनीं परत फिरते, तिवरांच्या मुळांत अडकते, आणि मासेमारी करणाऱ्याच्या जाळ्यांत मासळीऐवजीं येते. आपलें पुण्य असें दुसऱ्याच्या पोटावर पडतें. यास्तव घरांतील वडील मंडळींनीं निर्माल्य परसांतील, निदान कुंडींतील झाडाच्या मुळाशीं घालण्याचा परिपाठ ठेवावा. पुलावर नुसते हात जोडावे. तेवढ्यानें देव रागावल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं.