भुट्ट्याचं ताट

भुट्ट्याचं पहिलं वजन झालं ते सोनाराच्या काट्यावर. स्वयंपाकघरातला काटा पन्नास ग्रॅमच्या खाली काही सांगायला तयार नव्हता आणि मुलाला एकेका ग्रॅमचा हिशेब हवा होता. जरीपटक्याच्या बाजारातले आमच्या ओळखीचे सराफ आधी दोन पावलं मागे सरले, मग चष्मा लावून पुढे आले. दह्याच्या डबीसकट तोललं, डबीचं वजन वजा केलं. "सात ग्राम. हॉलमार्क कर दूँ?" असं म्हणून त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला.

सात ग्रॅमचा, वीतभराहून जरासा लांब साप. जात कॉर्न स्नेक. मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला. न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत रानात, शेताच्या कडेने, धान्याच्या कोठारात उंदीर शोधत फिरणारा. बिनविषारी आहे, भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतो. आपली धामण आणि तस्कर त्याच्याच कुळातले. पाठीवर नारिंगी-तांबडे डाग, आणि पोटाकडून पाहिलं तर मक्याच्या कणसातल्या दाण्यांसारखे काळे-पांढरे चौकोन. म्हणून नाव भुट्टा. मुलाचा इंजिनिअरिंगचा मित्र जर्मनीला निघाला होता. त्याच्याकडच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपैकी हे एक आमच्याकडे आलं.

"पोलीस येतील का?" हा यांचा पहिला प्रश्न. नाग, धामण, अजगर, मांडूळ असा आपला कुठलाही साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मुलाला पाठ होतं. हा परदेशी जातीचा आणि इथेच जन्मलेला. पुढे 2020 मध्ये केंद्र सरकारने विदेशी प्राण्यांची माहिती स्वेच्छेने नोंदवायची संधी दिली, 2024 मध्ये तर नोंदणीचे नियमच आले. पण ते साइट्स कराराच्या यादीतल्या जातींसाठी, आणि कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. तरी यांनी दोन्ही वेळा मुलाकडून सगळं मोठ्याने वाचून घेतलं.

सासूबाईंची हरकत वेगळीच होती. त्या तरुणपणी पचमढीच्या नागद्वारला पायी जाऊन आलेल्या. श्रावणात नागपुरातून निघणाऱ्या त्या यात्रेतले डोंगर, लोखंडी शिड्या, पाऊस यांच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकल्या आहेत. त्यामुळे सापाला त्यांनी दारातच हात जोडले. पण त्याचं जेवण फ्रीजमध्ये राहणार असं कळलं तेव्हा म्हणाल्या, "अवं बाई, उंदीर गणपतीचं वाहन आहे न? त्याले मारून तू माह्या फ्रिजात ठेवतेस काय?" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. शेवटी गच्चीखालच्या खोलीत एक जुना लहान फ्रीझर घेतला. शेजारच्या दादींच्या दिराचं कुल्फीचं दुकान बंद झालं होतं, त्यांच्याकडून.

दादी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेल्या सिंधी बाई. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी हा भाग वसवला, त्यातलंच त्यांचं घर. दादींना सापाचं भय नव्हतं, कुतूहल भरपूर होतं. एकदा सकाळी त्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर घेऊनच आल्या. "भाभी, आपके बच्चे के लिए. एकदम ताजा." तो परत पाठवणं जड गेलं. घरात फिरणाऱ्या उंदराच्या पोटात शेजारच्या गोदामातलं विष असू शकतं, जंतही असतात. शिवाय जिवंत उंदीर घाबरला की सापालाच चावतो. भुट्टा खायचा ती पाळलेल्या पांढऱ्या उंदरांची, डोळेही न उघडलेली, गोठवलेली पिल्लं. सुरुवातीला पाच-सहा दिवसांनी एक. माप असं की पिल्लू सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं किंवा त्याहून किंचित जाड. सोनाराचा काटा लागला तो याच हिशेबाला.

आता अंथरुणाचं. काचेच्या पेटीत खाली काय घालायचं यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या लग्नातही झाली नाही. वर्तमानपत्र स्वस्त आणि स्वच्छ, विष्ठा लगेच दिसते, गोचिडीसारखे किडे लपत नाहीत. पण पिल्लू सापाला लपायला हवं असतं. उघड्यावर पडलं की ते भेदरतं, आणि भेदरलेलं पिल्लू जेवत नाही. हितवादच्या घडीखाली भुट्टा काही दिवस राहिला, पण नजर चुकवून खाली शिरायचा तेव्हा कागद सरकायचा आणि तो पुन्हा उघडा. त्याला खणता येईल असं काहीतरी मोकळं, भुसभुशीत पाहिजे होतं.

यांनी आरामशीनवरून पोतंभर भुसा आणला. त्यात साग किती, चीड किती, देवदार किती, हे आरामशीनवाल्यालाही माहीत नव्हतं. चीड-देवदाराच्या तेलाचा वास सापाच्या फुप्फुसाला बाधतो, म्हणून पोतं गेलं गुलाबाच्या वाफ्यात. सासूबाईंनी गेल्या उन्हाळ्यातलं कूलरचं वुडवूल सुचवलं. नागपूरकर कूलरच्या पलीकडे विचार करू शकत नाही. पुस्तकात लिहिलेलं असायचं अ‍ॅस्पेन, म्हणजे विलायती झाडाचा पांढरा, बिनवासाचा किस. इथे तो मिळाला तर चांदीच्या भावाने. गंमत म्हणजे अमेरिकेत कूलरच्या जाळ्यांतही हेच अ‍ॅस्पेन भरतात, तेव्हा सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या. शेवटी नर्सरीतून नारळाच्या काथ्याची वीट आणली, पाण्यात फुगवली, पिळून वाळवली. भुट्टा दहा मिनिटांत तिच्यात दिसेनासा झाला आणि त्याच आठवड्यात जेवला.

ते जेवण मी पेटीजवळ बसून पाहिलं. कोमट पाण्यात भिजून वितळलेलं पिल्लू मुलाने चिमट्याने पुढे धरलं. भुट्ट्याची जीभ दोनदा बाहेर आली आणि पुढचं डोळ्याला दिसायच्या आत झालं. पिल्लू चिमट्यातून सुटलं, वेटोळ्यात अडकलं आणि तो त्याला ओढत काथ्यात घेऊन गेला. ओलं पिल्लू, कोरडा काथ्या. बाहेर आलं तेव्हा त्याला सगळीकडून तपकिरी केस फुटले होते. सापाला ते झटकता येत नाही, निवडता येत नाही. त्याचे दात आत वळलेले असतात. जे तोंडात गेलं ते पोटाच्याच दिशेने सरकतं. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे लवचीक बंधाने जोडलेली. आधी उजवी बाजू पुढे टाकायची, मग डावी, असं करत तो भक्ष्यावरून आपलंच तोंड चालवत नेतो. त्या वेळी श्वासाची नळी जिभेच्या जागेवरून बाहेर येते, म्हणून गुदमरत नाही. आम्ही तिघं श्वास धरून होतो, तो मात्र व्यवस्थित घेत होता.

गिळून झाल्यावर त्याने जांभई देऊन जबडा जागेवर बसवला आणि पाण्याच्या वाटीच्या कडेला तोंड घासायला लागला. ओठाच्या फटीत काथ्याचा एक धागा होता. मुलगा चिमटा घेऊन सरसावला. मी आधी एका पशुवैद्यांना फोन लावला. ते साप बघणाऱ्या थोड्या डॉक्टरांपैकी. म्हणाले, ओढू नका. हिरडीला जखम झाली तर तोंड सडायला वेळ लागत नाही. पाणी ताजं ठेवा, ऊब कमी होऊ देऊ नका, त्याला एकटं सोडा. चिमूटभर काथ्या धडधाकट सापाच्या पोटातून निघून जातो. आतडं तुंबतं ते पेटी थंड असली, साप पाण्याविना कोरडा पडला असला किंवा तुकडा मोठा आणि टोकदार असला तर. धागा रात्रीत गळाला. काथ्या पाच दिवसांनी यथास्थित बाहेर आला. तो निरखून बघण्याचं काम माझ्याकडे आलं. या घरात हिरव्या शेंगा निवडणारी मीच.

म्हणूनच मोकळ्या अंथरुणाची जी भीती घालतात ती मला अर्धी खोटी वाटते. दोष काथ्याचा कमी, ओलेपणाचा जास्त. त्यानंतर पिल्लू पाण्यात थेट पडलं नाही. बंद होणाऱ्या पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचं, आतपर्यंत वितळलं का ते बोटाने दाबून बघायचं, शेवटी अंगाच्या उबेइतकं गरम करायचं आणि टिश्यूने पुसून अगदी कोरडं करायचं. मायक्रोवेव्हचं नाव काढायचं नाही. आणि पेटीत एका कोपऱ्यात, काथ्याच्या वर, शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा. घराच्या ओट्याचं काम झालं होतं तेव्हाचा उरलेला. चिमटा त्या फरशीवरच थांबायचा. भुट्टा तिथे यायचा, झडप घालायचा, आणि पिल्लू पडलं तरी दगडावर पडायचं. सासूबाई त्याला ताट म्हणायच्या.

वेगळ्या डब्यात नेऊन खाऊ घाला, म्हणजे पेटीत हात घातला की तो जेवण समजून चावणार नाही, हा सल्ला सापवाल्या मंडळींत फार चालतो. मुलाने तोही करून पाहिला. डब्यात भुट्टा जेवला छान, पण पोट भरलेल्या सापाला परत उचलून पेटीत ठेवायचं कसं? ऐन डिसेंबरात तो उचलल्यावर संध्याकाळी सगळं ओकला. अर्धवट पचलेल्या पिल्लाचा वास गच्चीपर्यंत गेला. ओकलेल्या सापाला दहा-बारा दिवस काहीही द्यायचं नसतं, आणि नंतरचं पहिलं जेवण नेहमीपेक्षा लहान. तेवढे दिवस मुलाचा चेहरा बघवत नव्हता. डबा गेला, फरशी राहिली. जेवणानंतर दोन दिवस पेटीला कुणी हात लावायचा नाही हा नियम मात्र पक्का झाला. पाहुण्यांना साप हातात घ्यायचा असायचा नेमका त्याच दोन दिवसांत.

नागपूरची हवा सापाला अर्धं वर्ष सोयीची. पेटीच्या एका बाजूला तीसच्या आसपास, दुसऱ्या बाजूला पंचवीसच्या आत, असं त्याला लागतं. मग तो स्वतःच इकडून तिकडे जाऊन आपलं बघून घेतो. जानेवारीत रात्र आठ-नऊ अंशांवर येते, तेव्हा पेटीखाली गरम पट्टी आणि तिला तापमान राखणारं यंत्र. लाइट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या भिंतीला. ऊब नसेल तर पोटातलं पचत नाही, सडतं. मे महिन्यात उलटं. बाहेर पंचेचाळीस, आणि घरातला सर्वांत थंड कोपरा भुट्ट्याचा. यांचा दिवाण तिथून हलवला गेला, त्याबद्दल ते अजून बोलतात.

नागपंचमीला आमच्याकडे गर्दी व्हायची. सासूबाईंच्या नियमाने त्या दिवशी विळी, तवा बंद. दादींकडे त्याच सणाला गोगडो म्हणतात. कुणीतरी हमखास दुधाची वाटी आणायचं. साप दूध पीत नाही, तो पाणी पितो, हे सासूबाई आता स्वतः ठणकावून सांगायच्या, आणि वर, "उंदीर आणला असता तं गोष्ट येगळी." एका वर्षी त्या दिवशी त्याचे डोळे दुधाळ निळे झाले होते. बाया म्हणाल्या, देव अंगात आला. कात टाकायच्या आधी तसं होतं, त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि तो जेवतही नाही. आठवड्याने कात निघाली, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट अखंड. ती दादींनी मागून घेतली आणि तिजोरीत ठेवली.

तिसऱ्या वर्षी तो चार फुटांच्या आसपास आला. आता मोठा उंदीर, तोही दोन आठवड्यांनी एक. काथ्याच्या जागी नारळाच्या सालीचे जाडसर तुकडे आले. ते अंगाला चिकटत नाहीत. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि जेवू घालायचं काम माझ्याकडे आलं. मला तो ओळखायचा असं मी म्हणणार नाही. फरशीवर माझ्या चपलेची थरथर झाली की काय होणार आहे ते त्याला कळायचं, एवढं खरं. मांजरासारखा जवळ येऊन बसला नाही, कधी वाट पाहिली नाही. माझ्याकडून त्याला उबेची, पाण्याची आणि हात आवरण्याची अपेक्षा होती. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती.

समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलगा गाडी घेऊन आला आणि भुट्ट्याला घेऊन गेला. निघायच्या आधी आठवडाभर त्याला उपाशी ठेवला होता. सुती पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, भोकं पाडलेल्या डब्यात. फरशीचा तुकडा डिकीत. सासूबाईंनी गाडीला लिंबू बांधलं. फ्रीझर आता दादींनी परत घेतला आहे, आतून चारदा धुऊन.

पुण्यात आता सून त्याला जेवू घालते. पहिले काही महिने ती खोलीतच जायची नाही. आता ती मला व्हिडिओ पाठवते. अ‍ॅस्पेनचा महागाचा किस आहे, पेटी मोठी आहे, दिवा सुंदर आहे. परवाच्या व्हिडिओत मी साप नंतर पाहिला, आधी उंदीर पाहिला. पाठीवर किसाचे दोन पांढरे तुकडे होते.

"नीट पुसला नाहीस," मी लिहिलं.

"पुसला होता, आई. त्यानेच वाटी लवंडली, फरशी ओली झाली."

"वाटी कसली आहे?"

"प्लास्टिकची."

"चिनी मातीची आण. जाड बुडाची. तुळशीबागेत मिळेल."