कारागिराची सनद

द्राक्षमळ्यांच्या उतारांनी वेढलेल्या या स्टुटगार्ट नगरात राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून फोन आला म्हणजे कुशलमंगल संपताच हल्ली एक प्रश्न हटकून विचारला जातो, की तिकडे यायला काय लागते. आणि मावळातल्या वडगाव, कामशेत, लोणावळा येथील ज्या घरांतला मुलगा तळेगावच्या वा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी उभा आहे, त्या घरांतून हा प्रश्न अधिकच कळकळीने येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळाविषयी ज्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी करार केला, त्याची राजधानी हेच शहर असल्याने, या प्रश्नाचे नीट उत्तर देणे मी आपले कर्तव्य समजतो.

जर्मनीने १ जून २०२४ पासून, हाती नोकरी नसतानाही येथे येऊन वर्षभर काम शोधण्याची मुभा देणारा जो परवाना सुरू केला आहे, त्यासाठी अर्जदाराजवळ स्वदेशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण, अथवा पदवी, असावी लागते. जर्मन भाषेची ए-१ किंवा इंग्रजीची बी-२ पातळी गाठलेली असावी लागते. आणि त्याउपर सहा गुण मिळवावे लागतात. वय पस्तिशीच्या आत असल्यास दोन गुण, गेल्या सात वर्षांत आपल्या व्यवसायाचा पाच वर्षांचा अनुभव असल्यास तीन, आणि जर्मन ए-२ पर्यंत आली तर एक, अशी बेरीज करता तिशीतला एखादा फिटर सहाच्या आकड्यापर्यंत पोहोचतो. निर्वाहाच्या रकमेची तजवीज मात्र आधी दाखवावी लागते. २०२५ साली ती दरमहा १,०९१ युरो होती, आणि शेतकरी कुटुंबास हा भार लहान नव्हे.

परंतु खरी अडचण पैशापूर्वीच उभी राहते. आयटीआयमध्ये फिटरचा व इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, वेल्डरचा एका वर्षाचा. म्हणून दहा वर्षे ज्याने उत्तम सांधे जुळविले, त्या वेल्डरपाशी दुसरे शिक्षण नसेल तर या परवान्याचे दार त्याला बंद राहते. दुसरी अडचण कंत्राटी कामगाराची. तो कारखान्यात राबतो, हजेरी ठेकेदाराच्या दफ्तरी लागते, ठेकेदार बदलला की जुनी वर्षे कागदावरून नाहीशी होतात, आणि मग अनुभवाचे ते तीन गुण, हातात कसब असूनही, सिद्ध करता येत नाहीत. २०२० च्या अखेरीस तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला, तेव्हा कामगाराच्या हाती राहणाऱ्या कागदाचे मोल मावळाला कळावयास हवे होते.

कायद्याने पुरावा मागावा यात मला अन्याय दिसत नाही. परक्या मुलखाला माणसाचे कसब पारखण्यास दुसरे साधन नाही. अन्याय आहे तो आपल्याकडे, जेथे राबणाऱ्याला त्याच्या श्रमाचा दाखला देण्याची कोणाला निकड वाटत नाही. याच तळेगावात १९०८ साली, अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून काचेचा कारखाना निघाला, आणि परदेशी काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे देशी मुले तयार झाली. कारागिराला शिकविणे हे तेव्हा सार्वजनिक कार्य मानले गेले होते. आज शासनाने दुसऱ्या देशातल्या राज्याशी करार केलाच आहे, तर वेल्डरसारख्या एक वर्षाच्या कारागिरांना दुसऱ्या वर्षाची जोड मिळावी आणि कंत्राटी सेवेच्या नोंदी कामगाराच्या नावे जतन व्हाव्यात, एवढी तजवीज त्याने करावी.

मावळातल्या तरुणांना माझी विनंती आहे, की कोणा दलालाच्या हाती एक रुपयाही देण्यापूर्वी, काम, पद आणि तारखा स्पष्ट लिहिलेला अनुभवाचा दाखला प्रत्येक मालकाकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावा, पगाराच्या पावत्या व भविष्यनिर्वाह निधीचा उतारा जपून ठेवावा, आणि लोणावळ्याहून लोकलने पुण्यास जाऊन मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या पहिल्या वर्गात नाव घालावे. परदेशी जाणे घडले नाही, तरी हे कागद चाकणलाही उपयोगी पडतील.