टार्टूला जाताना

बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यास एस्टोनिया नावाचे एक चिमुकले राष्ट्र आहे. टार्टू हे त्यातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तरी त्याची वस्ती जेमतेम लाखाच्या आसपास आहे. तेथील विद्यापीठ १६३२ साली स्थापन झाले आणि आज देशोदेशींचे विद्यार्थी तेथे शिकतात. त्यांत आपल्या देशाचेही असतात. मुलांस भेटावयास जाणाऱ्या आईबापांना आणि केवळ हौसेने जाणाऱ्यांनाही उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

प्रथम मार्गाविषयी. युरोपातील ज्या देशांनी आपापसांतील सरहद्दीवरची नेहमीची तपासणी काढून टाकली, त्या शेंगेन गटात एस्टोनिया २००७ पासून आहे. म्हणून शेंगेन व्हिसा काढावा लागतो. चलन २०११ पासून युरो आहे. राजधानी टालिन येथे पोहोचण्यास वाटेत विमान बदलावे लागते. टालिनहून टार्टू सुमारे १८५ किलोमीटर आहे. आगगाडीने अथवा बसने दोन-अडीच तास लागतात. बसस्थानक शहराच्या मध्यभागी, नदीजवळ आहे. रेल्वेस्थानक तेथून दीडएक किलोमीटर दूर पडते. सामान जड असेल तर बसच सोयीची.

ऋतूचा विचार केल्यावाचून दिवस ठरवू नयेत. डिसेंबरात दिवस साडेसहा तासांच्या आसपास असतो, तर जूनमध्ये अठरा तासांहून मोठा. वडील मंडळींनी मे ते सप्टेंबर या काळात जावे हे उत्तम. हिवाळ्यात जाणे भागच असेल तर जाड तळव्याचे, न घसरणारे बूट न्यावेत, कारण वितळलेले बर्फ पुन्हा गोठून पायवाटा काचेसारख्या होतात. अंधारात पायी चालणाऱ्याने अंगावर प्रकाश परतविणारी लहानशी चकती बाळगावी असा तेथे कायदाच आहे. ती दुकानात सहज मिळते. कोटाला दोरीने अडकवून गुडघ्याच्या उंचीवर लोंबती ठेवावी. वाहने तेथे रस्त्याच्या उजव्या अंगाने धावतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने उजवीकडे वळते. तेथे प्रथम डावीकडे पाहावे.

जेवणात राईची काळी, किंचित आंबूस पाव-भाकरी, बटाटे, मासे आणि डुकराचे मांस मुख्य. मसाल्याची सवय असलेल्यांना ते अळणी वाटेल. बरोबर लोणच्याची बरणी असावी. ‘कामा’ नावाचे पीठ मात्र अवश्य चाखावे. बार्ली, राई, ओट आणि वाटाणा भाजून ते दळतात व ताकात अगर दह्यात कालवून खातात. आपल्या सातूच्या पिठाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नळाचे पाणी निर्धास्तपणे प्यावे.

शहर लहान आहे, तेव्हा सकाळी येऊन सायंकाळी परत फिरावे असे पुष्कळांना वाटते. आमचे सांगणे असे की, निदान दोन रात्री राहावे आणि सर्व शहर पायी पाहावे. नगरभवनाच्या चौकात एक घर स्पष्ट कललेले दिसेल. त्याची एक भिंत जुन्या तटाच्या पायावर, तर दुसरी लाकडी खांबांवर उभारली होती. खालची ओली जमीन खचली व घर एका अंगाला झुकले. आज त्यात कलासंग्रहालय आहे.

चौकामागच्या टोमे टेकडीवर चढावे. तेथे प्रेषित पेत्र व पौल यांच्या नावाच्या विटांच्या महामंदिराचे अवशेष आहेत. तेराव्या शतकात येथे कॅथॉलिक धर्मप्रांत झाला व या मंदिराचे बांधकाम सुरू झाले. पुढे धर्मसुधारणेच्या काळात, १५२५ साली, त्याची मोडतोड झाली. १५५८ साली रशियन सैन्याने शहर घेतले, शेवटच्या बिशपांस बंदी करून नेले आणि मंदिर ओस पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठाने वेदीकडील भागावर छप्पर घालून तेथे ग्रंथालय थाटले. आता त्यात संग्रहालय आहे. उरलेल्या कमानी तशाच आभाळाखाली उभ्या आहेत. ज्या ठिकाणी प्रार्थना थांबली तेथे निदान विद्या तरी नांदावी, हे पाहून मन भरून येते.

खाली उतरल्यावर मध्यवस्तीत मोठी उद्याने लागतील. ती पाहून नगररचनेचे कौतुक करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथे घरे होती. एमायोगी म्हणजे ‘आईनदी’. तिच्यावरील अठराव्या शतकातील दगडी पूल १९४१ व १९४४ साली, आधी माघार घेणाऱ्या सोव्हिएत व नंतर जर्मन सैन्याने उडवला. त्या जागी आज पादचाऱ्यांचा कमानी पूल आहे. संत योहानाचे मंदिर १९४४ साली जळाले, ते २००५ साली पुन्हा उघडले. हे ल्यूथरपंथीयांचे आहे. त्याच्या भिंतींवरील भाजक्या मातीचे शेकडो मध्ययुगीन पुतळे अवश्य पाहावेत.

रविवारच्या मिस्सेसाठी वेस्की रस्त्यावरील निष्कलंक गर्भसंभवाच्या विटांच्या मंदिरात जावे. एस्टोनियात कॅथॉलिकांची संख्या फार थोडी आहे. म्हणून मिस्सेची वेळ व भाषा आदल्या दिवशीच पाहून ठेवावी.

शेवटची सूचना बोलण्यावागण्याविषयी. तेथील लोक मितभाषी असतात. बसमध्ये कोणी बोलले नाही म्हणून त्यांस तुसडे समजू नये. कोणाच्या घरी गेल्यास आपल्याप्रमाणेच दाराशी पादत्राणे काढावीत. ‘तेरे’ म्हणजे नमस्कार व ‘आईतेह’ म्हणजे आभार. दीर्घकाळ परक्यांच्या सत्तेखाली राहूनही या लोकांनी आपली भाषा सांभाळली. १८६९ साली त्यांचा पहिला राष्ट्रीय गीतमहोत्सव याच शहरात भरला. त्या भाषेतील हे दोन शब्द पाहुण्याच्या तोंडून ऐकले की त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. ते शब्द घरून निघण्यापूर्वीच पाठ करावेत.