खुणा काढाव्यात, अक्षर राखावे

निवृत्तीनंतरच्या निवांतपणात मी आमच्या घराण्याच्या आठवणींचे टिपण छपाईसाठी सिद्ध करावयास घेतले. पुतण्याने ते पूर्वी संकेतस्थळाकरिता तयार केले होते. त्यामुळे ओळीओळीत एचटीएमएलच्या खुणा होत्या. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत असताना १९९० च्या सुमारास ही पद्धत घडविली. < आणि > या चिन्हांत बसविलेली खूण, म्हणजे टॅग, संगणकाला सांगते की येथे परिच्छेद, येथे ठळक अक्षर. वाचकास ती दिसत नाही. परंतु नुसता मजकूर हवा असेल, तर ती काढावी लागते.

< पासून > पर्यंतचे सारे पुसावे, असा सोपा नियम कोणासही सुचेल. पण हे वाक्य पाहावे : 'गेल्या वर्षी जमा<खर्च असा हिशेब झाला, यंदा जमा>खर्च असा हिशेब झाला.' नियम लावताच उरते : 'गेल्या वर्षी जमाखर्च असा हिशेब झाला.' एक अख्खे वर्ष गडप, आणि तूट की शिल्लक, तेही कळेना! शिवाय शीर्षकाची खूण नुसती पुसली, तर त्याचा शेवटचा शब्द पुढील मजकुरास चिकटतो. मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याचा प्रघात नव्हता. तसे वाचण्याची सवय आता कोणास राहिली आहे?

म्हणून आधी खूण कोणती व मजकूर कोणता, हे रचना वाचून ठरविणारे साधन वापरावे. परिच्छेदाच्या खुणेजागी नवी ओळ घालावी. मजकुरातले < हे चिन्ह संकेताक्षरांनी लिहिण्याचा रिवाज आहे; ते खुणा काढून झाल्यावरच मूळ रूपात आणावे. आधी आणल्यास तेही खूण समजून पुसले जाण्याचा धोका असतो.

पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मागाहून शिरलेले दूर सारावे आणि मूळ राखावे, हाच तो विवेक. तीच गोदावरी आपल्या निर्मलच्या दक्षिणेस वाहते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपली मराठी मुख्यतः घरात आणि अशा टिपणांतच उरली. लिहिणारे वडीलधारे गेले. गळलेला शब्द आता विचारावा कोणास? तेव्हा मूळ प्रत जशीच्या तशी जपावी आणि नवी तिच्याशी ओळीने ताडून, मोठ्याने वाचून मगच छापावयास द्यावी, एवढेच सुचवितो.